सुट्टीत ओजसला एकट्याने खेळू द्यावे

बडोदा, २० एप्रिल

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

एकाच शहरात राहून पत्र लिहीत आहे, याला कारण मागच्या रविवारचे माझे बोलणे. तुमचा नातू ओजस तुमच्याकडे आला असताना कोणाला न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, तिथे गोट्या खेळणाऱ्या मुलांत रमला आणि पाऊण तास परतला नाही. बाबा स्कूटर काढून त्याला शोधत फिरले आणि घरी आणून त्याला रागावले. त्यावर ‘तुम्ही इतके भित्रे कधीपासून झालात?’ असे मी बाबांना म्हणाले. ते मी म्हणायला नको होते. मला क्षमा करा. पण मे महिन्यात ओजस तुमच्याकडेच राहणार आहे, म्हणून जे रागाच्या भरात नीट सांगता आले नाही, ते शांतपणे लिहिते.

दांडिया बाजारातल्या आपल्या गल्लीत दादाला आणि मला तुम्ही कसे वाढवलेत, ते मला नीट आठवते. पहिलीत असताना गल्लीचे तोंड ही हद्द होती, तिसरीत सुरसागर तलावाच्या पाळीपर्यंत जाता येऊ लागले आणि सातवीत सायकलने कोठीवरून काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडे जाऊन कमाटीबाग गाठायची परवानगी मिळाली. विश्वामित्रीच्या काठावर मात्र कधीही उतरायचे नाही, कारण पात्रात मगरी आहेत. पुलावरून हव्या तेवढ्या बघाव्यात. आणि दिवेलागणीला घरात. आम्हाला तेवढे दोनच नियम पाठ होते, आणि आम्ही ते पाळले.

मधल्या वेळेत काय करायचे, हे मात्र आमचे आम्हीच ठरवत होतो. बाबा, हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये बडोद्यात हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा भरवली, हे तुम्ही अभिमानाने सांगता आणि तो अभिमान योग्यच आहे. पण आमच्या डब्बा ऐसपैसचे आणि लगोरीचे नियम कुठे छापलेले नव्हते. किती मुले जमली, कोणाच्या दारात दुचाकी उभी आहे आणि कोणाची आजी झोपली आहे, हे पाहून ते रोज नव्याने ठरत. राज्य कोणावर, टाइमप्लीज कधी चालणार, रडीचा डाव कशाला म्हणायचे, यावर खेळापेक्षा जास्त वेळ भांडण चाले. पण भांडण मिटवल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे, म्हणून आम्ही ते मिटवायला शिकलो. सर्वांत जास्त मला लिंबूटिंबूची आठवण येते. पाच वर्षांच्या पोराला खेळात घ्यायचे, पळू द्यायचे, पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही, ही सोय कोणत्याही मोठ्या माणसाने आम्हाला शिकवलेली नव्हती. मुलांनीच ती मुलांसाठी केली आणि आपल्याहून मोठ्या मुलांकडून ती आमच्यापर्यंत आली. ओजस नऊ वर्षांचा झाला. स्केटिंगला जातो, क्रिकेटच्या कोचिंगला जातो, दोन्हीकडे त्याच्याच वयाची मुले असतात आणि वाद झाला की सर निकाल देतात. परवा मी त्याला विचारले, तर लिंबूटिंबू हा शब्दच त्याला ठाऊक नव्हता. मला त्याचे फार वाईट वाटले.

‘जमाना बदलला आहे’ असे बाबा म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हापासून त्यांची काळजी वाढली आहे, हे मला कळते. त्या दुःखापुढे वाद घालण्याची माझी हिंमत नाही. एवढेच म्हणते की ती लेकरे एकटी भटकायला गेलेली नव्हती. ती मोठ्यांच्या हवाली होती. बाबांना आकडे लागतात म्हणून एक पाहणी सांगते. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुले मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात असत. १९९० मध्ये ती ९ टक्के उरली. त्या काळात रस्त्यावरच्या अपघातांत मरण पावणारी मुले कमी झाली होती, पण पाहणी करणाऱ्यांचे म्हणणे असे की रस्ते सुरक्षित झाले नव्हते, मुलेच रस्त्यावरून नाहीशी झाली होती. आपल्याकडेही हेच घडले असावे असे मला वाटते. वाहने वाढली म्हणून मुले आत गेली, आणि मुले आत गेल्यावर त्यांच्यावर नजर ठेवणारी ओट्यावरची माणसेही उठून गेली. आम्ही एकटे खेळत होतो असे म्हणतो खरे, पण समोरच्या काकू, शिंपीदादा, देवळातले गुरुजी यांच्यापैकी कोणी ना कोणी बघत असेच.

याचा दोष मी तुमच्यावर ठेवत नाही. आमच्या वासणा रोडच्या सोसायटीत बागेला कुंपण आहे, बागेत शोभेची ताडासारखी झाडे आहेत आणि चेंडू खेळण्यास मनाई असल्याची पाटी आहे. वडांवरून ज्या गावाचे नाव पडले, तिथे माझ्या मुलाला सूरपारंब्या खेळायला एक पारंबी नाही. ती पाटी लावण्याच्या ठरावावर मीही सही केली होती, आणि ओजस कुठे आहे हे दर दहा मिनिटांनी फोनवर पाहणारीही मीच आहे.

आई, गेल्या वर्षी तू सहज सांगितलेस की मी पहिल्यांदा सायकलने कमाटीबागेत गेले, तेव्हा परत येईपर्यंत तू खिडकीतून हलली नव्हतीस. मला ते तीस वर्षांत कधी कळले नव्हते. तुला भीती वाटत नव्हती म्हणून तू सोडत होतीस, असे मी समजत आले होते. ती भीती माझ्या नजरेला पडू न देता तू कशी सांभाळलीस, हे मला शिकायचे आहे.

म्हणून विनंती अशी. संध्याकाळी पाच ते दिवेलागणीपर्यंत त्याला गल्लीत एकट्याने सोडावे. मोठा रस्ता ओलांडायचा नाही, हे मी त्याला बजावून ठेवीन. दुकानदारांना आणि समोरच्या काकूंना मी स्वतः येऊन सांगेन, आणि बाबांनी ओट्यावर बसावे, पण त्याला हाक मारू नये. रविवारच्या त्या मुलांपैकी एकाने त्याला आपली एक गोटी दिली होती. ती त्याने कंपासपेटीत जपून ठेवली आहे आणि ती जिंकून घेतलेली नाही, नुसती दिलेली आहे, म्हणून परत करायला हवी, असे तो रोज म्हणतो. ३ मे रोजी सकाळी आम्ही येतो.

तुमची लाडकी,
माई