मंत्रिमहोदय, एकदा आमच्या तळघरात या

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीच्या पाणी समितीवर मी आहे. म्हणजे उन्हाळ्यात टँकरवाल्यांचे फोन घ्यायचं काम माझ्याकडे आहे. एप्रिलमधल्या एका दुपारी गेटवर टँकर रिकामा होत होता आणि नेमकं त्याच वेळी खाली तळघरात आमच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, पाणी ड्रेनेजला सोडलं जात होतं. मध्ये फक्त एक स्लॅब.

कागदावर सगळं चोख आहे. माणशी १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ लिटर फ्लशचं. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, तेव्हा सांडपाणी जागेवरच शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरू, असं बिल्डर लिहून देतो. आमच्याकडेही फ्लशची वेगळी लाइन होती. पहिल्याच वर्षी कमोडला पिवळे डाग पडले, बाथरूममध्ये वास यायला लागला आणि सर्वसाधारण सभेने ती लाइन एकमताने बंद केली. (आमच्याकडे एकमत यापूर्वी फक्त चहाच्या वेळेवर झालं आहे.) प्लंबरने अर्ध्या दिवसात जोडणी बदलली. आता कमोडमध्ये धरणाचं पाणी जातं.

पाणी का बिघडलं, ते ऑपरेटरने मला खाली नेऊन दाखवलं. टाकीतले जिवाणू घाण खातात, पण त्यांना हवा लागते आणि ती ब्लोअर देतो. ब्लोअर रात्रभर बंद राहिला की जिवाणू मरायला लागतात आणि पुन्हा जम बसायला कित्येक दिवस जातात. ‘साहेब, लाइटबिल कमी करा असं तुमच्याच कमिटीने सांगितलं होतं,’ तो म्हणाला. खरं होतं. सही माझीच होती.

मग महिनाभर ब्लोअर चोवीस तास चालू ठेवला. आधी मगमध्ये चहासारखं दिसणारं पाणी इतकं निवळलं की पांढऱ्या मगचा तळ दिसायला लागला. लाइन पुन्हा जोडायचा ठराव मांडला, तर एका आजींनी विचारलं, ‘तपासणीला नमुना कोण नेतं? कंत्राटदारच ना?’ ठराव तिथेच पडला.

आजींचा मुद्दा सोसायटीपुरता नाही. पुण्यातल्या मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) वर्षाला ६.५ टीएमसी शुद्ध केलेलं पाणी कालव्याने शेतीला द्यायचं आणि तेवढं खडकवासल्याचं पाणी शहरासाठी वाचवायचं, असं ठरलेलं आहे. पण खालचे शेतकरी त्या पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून तक्रारी करतात. उलट नागपुरात भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. वीजकेंद्राला कसलंही पाणी चालत नाही, तिथलं गिऱ्हाईक तपासूनच घेणार. आमच्या आजींना आणि दौंडच्या शेतकऱ्याला ती सोय नाही.

नामिबियातलं विंडहूक १९६८ पासून असं पाणी शुद्ध करून चक्क पितं. सिंगापूरने २००३ पासून ते कारखान्यांना दिलं आणि थोडं जलाशयांत मिसळलं. आम्हाला एवढं नको. कमोडपुरतं पुरे.

तेव्हा मागणी साधी आहे. नमुना कंत्राटदाराने न्यायचा नाही. महापालिकेच्या माणसाने न सांगता यावं, बाटली भरावी आणि निकाल सोसायटीच्या गेटवर मराठीत लावावा. लागोपाठ सहा महिने पास होणाऱ्या सोसायटीला मिळकतकरात इतकी सवलत द्या, की ब्लोअरचं लाइटबिल अंगावर येणार नाही. नापास होणाऱ्यांना थेट दंड नको, आधी माणूस पाठवा. निम्म्या वेळा दोष यंत्रात नसतो, आमच्यासारख्यांच्या सहीत असतो.

पुढच्या सभेत तोच ठराव मी पुन्हा मांडणार आहे. त्याआधी कोणी बाटली घेऊन आलं, तर तळघराची किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे.

आपला,
पाणी समितीचा एक सदस्य, पुणे