मस्कतमधला माझा शुक्रवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

आईकडून कळलं की तू एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा नाही म्हणतेस. कुडाळातच कुठेतरी नोकरी धरायची, म्हणजे बाबांना लवकर गावी येता येईल, असं तुझ्या मनात आहे. 'बाबा सुट्टीच्या दिवशीसुद्धा खोलीत एकटेच पडून असतात,' असंही म्हणालीस म्हणे. तुझ्या मनात माझं हे असं चित्र राहायला नको. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, पण आमच्या मेंटेनन्सवाल्यांना शुक्रवारच मिळतो. त्या दिवशी मी ड्युटीच्या दिवसापेक्षाही लवकर उठतो, कारण ऊन चढायच्या आत क्रिकेट व्हायला हवं. आमच्या रूवी भागाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला मोकळी खडकाळ जागा आहे. गवताचं पातं नाही, पण उजाडायच्या आधीच तिथे चार-पाच मॅच सुरू झालेल्या असतात. टेनिस बॉलला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळायचं काम माझ्याकडे. टेप ताणून, एकही सुरकुती न पडता बसवावी लागते, सुरकुती राहिली की चेंडू कसाही वळतो. केरळचे, पंजाबचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे, सगळे एकत्र खेळतात. ओमानने 2016 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये धरमशालेला आयर्लंडला हरवलं, त्या संघातले बरेच जण आमच्यासारखेच इथे पोटासाठी आलेले होते. 2021 चा वर्ल्ड कप तर आमच्या जवळच्या अमेरातच्या मैदानावर सुरू झाला. पहिल्याच सामन्यात ओमानने पापुआ न्यू गिनीला दहा विकेट राखून हरवलं. त्या रात्री खोलीत आम्ही किती ओरडलो असू!

मग आंघोळ. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. म्हणून गिझर बंद ठेवायचा. त्यातलं पाणी घरात सावलीत राहतं, ते त्यातल्या त्यात गार. जूनपासून आम्ही गरम पाण्याचा नळ उघडून गार पाण्याने आंघोळ करतो.

त्यानंतर मत्रहचा मासळीबाजार. इथली सुरमई आपल्याकडच्यासारखीच, पण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिची मासेमारी बंद असते. तुमची पावसाळ्यातली बंदी उठते त्याच सुमारास इकडे ही सुरू होते. बांगडा मात्र मिळतो. शुक्रवारचं जेवण माझ्याकडे, आणि बांगड्याचं तिखलं म्हटलं की दोघेही रूममेट स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात. आईने पाठवलेली तिरफळं मी हलकीच ठेचतो आणि कढ आला की टाकतो. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा कण्णूरचा रूममेट डबा हातात घेऊन किती तरी वेळ हुंगत होता. त्याच्याकडे आमसुलांच्या जागी कुडमपुळी घालतात आणि वरून खोबरेल तेलात कढीपत्ता. एका शुक्रवारी आम्ही दोन्ही एकत्र करून बघितलं. चांगलं लागलं, पण तिखलं ते तिखलंच. चितगावचा रूममेट जुम्म्याच्या नमाजाला जातो. तो परत येईपर्यंत आम्ही ताटं वाढत नाही.

दुपारी झोप, कपडे, इस्त्री. मग तुम्हाला फोन. तुमच्याकडे दीड तास पुढे असल्यामुळे आजी संध्याकाळच्या दिव्याच्या गडबडीत असते, त्याआधी गाठावं लागतं.

ऊन उतरलं की बस धरून मत्रहच्या कोर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर. बंदरात मोठी जहाजं उभी असतात, वरच्या कड्यावर पोर्तुगीजांच्या वेळचा किल्ला आहे आणि सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, लोबानचा वास येत राहतो. शंभर बैसांचा चहा घ्यायचा आणि कठड्यावर बसायचं. समोर समुद्र आहे आणि त्याच्या पलीकडे आपला वेंगुर्ला आहे, हे मला तिथे बसल्यावर बरं वाटतं.

आणि रात्री दशावतार! टीव्हीला मोबाइल जोडून यूट्यूबवर एखादा प्रयोग लावतो. संकासुर काळ्या पोशाखात, लांब जीभ लोंबवत आला की चितगावचा तर हातातलं सोडून बसतो. मालवणी कळत नाही, पण हसतो बरोबर जागच्या जागी. लिहिलेलं नाटकच नसतं, आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या संवाद बोलत जातात, हे मी सांगितलं तेव्हा कण्णूरच्याला पटेना. मग त्याने मला त्याच्या गावाकडचं तेय्यम दाखवलं. तोंड रंगवायलाच कितीतरी वेळ, मग रात्रभर तो देव होऊन नाचणारा माणूस आणि त्याच्यापुढे हात जोडून उभं गाव. बघताना मला आपल्या देवळातली जत्रा दिसत होती. आता एक शुक्रवार त्याचा, एक माझा. चितगावचा त्याच्याकडची भाटियाली गाणी लावतो, ती होडीवाल्यांची. शब्द कळले नाहीत तरी ती मला फार आवडतात.

चतुर्थीला मात्र इथे जीव रमत नाही. आरत्यांचा आवाज फोनवरून आला की मी बाहेर जाऊन उभा राहतो. पण तू शिकणं सोडलंस म्हणून ते दुःख कमी होणार नाही, उलट वाढेल. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर एसी खोलून बसतो, तेव्हा तू प्रयोगशाळेत उभी आहेस हे मनात असतं, त्यावर माझा दिवस जातो. मुंबईचा फॉर्म भर. हॉस्टेलच्या पैशांचं मी आणि आईने कधीच ठरवलंय. माझ्या वतीने तू काही सोडायचं नाहीस, हे मी तुला हक्काने सांगतो.

आणि एक काम कर. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल होऊन ठरली की त्याच दिवशी मला कळव. इथे रजेचा अर्ज आधीच द्यावा लागतो, आणि कण्णूरच्याला यंदा घेऊन येईन म्हणतो.

तुझा,
बाबा