बिब्याच्या पुडीसोबत मराठीत चिठ्ठी द्या : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपला मुक्काम नागपुरात असतो, त्याच दिवसांत आमच्या इतवारीत बिब्याला गिऱ्हाईक वाढते. थंडी पडली की गुडघे धरतात, टाचांना भेगा पडतात, घरोघरी लाडू वळायला घेतात. किराणा ओळीत गोडंबी आणि बिबा शेजारशेजारच्या पोत्यांत दिसतात. गोडंबी हा बिब्याच्या आतला गर. तो लाडवात घालून लेकरेबाळेही खातात. बिबा मात्र अख्खी काळी बी. तिच्या कवचातले तेल अंगाला लागले तर कातडी भाजल्यासारखी होते. दुकानदार दोन्ही सारख्याच कागदात बांधून देतो. काय जपायचे हे तो सांगत नाही, आणि सांगावे असे त्याच्यावर बंधनही नाही.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, नागपूरच्या महाल भागात माझा दवाखाना आहे. बिब्यावर बंदी घाला असे मला मुळीच म्हणायचे नाही, कारण मी स्वतः तो वापरते. मूळव्याध, जुनाट आमवात, काही त्वचाविकार यांत नीट पारखून दिलेला भल्लातक, म्हणजे हाच बिबा, आम्हा वैद्यांच्या भरवशाचा आहे. चरकांनी त्याला रसायनांत, म्हणजे बळ आणि आयुष्य वाढवणाऱ्या औषधांत, स्थान दिले आणि तिथेच बजावून ठेवले की हा अग्नीसारखा तीक्ष्ण आहे, विधीप्रमाणे वापरला तरच अमृतासमान. लोकांपर्यंत त्यातले अमृत पोहोचले, विधी वाटेतच राहिला.

हा विधी काय असतो ते थोडे सांगते. बिबा हातात घ्यायच्या आधी हातांना खोबरेल चोपडायचे, वर हातमोजे घालायचे. बिब्याचे टोपण छाटायचे, विटेच्या चुऱ्यासोबत बिबे जाड पिशवीत भरायचे आणि घासत राहायचे. तेल चुऱ्यात उतरू लागते, चुरा काळपट, चिकट होतो. मग चुरा बदलायचा, पुन्हा घासायचे, आणि शेवटी गरम पाण्याने धुवायचे. काही ठिकाणी नारळाच्या पाण्यात उकळण्याचीही रीत आहे. एवढे केल्यावर तो औषधात पडतो. त्यानंतरही गर्भवती, लहान मुले, पित्तप्रकृतीची माणसे आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले रुग्ण यांना आम्ही तो देत नाही. उन्हाळ्यातही देत नाही. ज्यांना देतो त्यांना दूध-तूप भरपूर घ्यायला आणि ऊन, आगीची धग टाळायला सांगतो.

घरी यातले काहीच होत नाही. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि गळणारे तेल भेगांत, नाहीतर थेट दुधाच्या पेल्यात पाडतात. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ आले होते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी गुडघ्याभोवती बिब्याचे ठिपके दिले होते. तिसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या जागी पाणी भरलेले फोड, सूज मांडीपर्यंत, आणि तोच हात डोळ्याला लागल्याने पापण्याही सुजून मिटलेल्या. ते म्हणाले, "माही आजी लावत होती, तिले तं कधी काही झालं नाही." त्यांचे खरेही असेल. बिबा प्रत्येकाला उततोच असे नाही. कुणाला पहिल्यांदा काहीच होत नाही, शरीर मात्र ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी थेंबभर तेलानेही अंग पेटते. म्हणूनच आजीच्या अनुभवावर नातवाने विसंबू नये. तान्ह्या बाळाच्या पोटावर बिबा लावून आणलेल्या आयाही मी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर रागवावेसे वाटत नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलेच नसते.

आणि हे कातडीपुरते राहत नाही. या झाडाचा चीक अंगाला लागल्यानंतर मूत्रपिंडाला गंभीर इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९७९ मध्येच झाली आहे.

कायद्याला बिबा अनोळखी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. बचनाग, धोतरा, कुचला, गुंज यांच्यासोबत भल्लातकही तिथे आहे. यांपैकी काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते, तीही इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत छापायची सक्ती नाही. गडचिरोली-गोंदियाहून उपचाराला आलेली म्हातारी ती बाटली हातात घेते तेव्हा तिच्या भाषेत त्यावर काय असते? आणि हे झाले बाटलीचे. सुट्या बिब्यावर कुठल्याच भाषेत काही नसते.

नियम केंद्राचा आहे हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रात आयुर्वेदिक औषधे बनवण्याचा परवाना आपलाच विभाग देतो. ही सूचना मराठीतही छापावी असे राज्यातल्या उत्पादकांना आपण आजच कळवू शकता, आणि नियमात मराठीची भर घालण्यासाठी केंद्राला लिहू शकता. सुटा बिबा विकणाऱ्या किराणा आणि जडीबुटीच्या दुकानांना विभागाने छापील चिठ्ठ्या पुरवाव्यात, प्रत्येक पुडीसोबत एक. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत एवढेच हवे : कच्चा बिबा पोटात घेऊ नये. लहान मुलांना आणि गर्भवतींना लावू नये. आंबा किंवा काजूच्या चिकाने अंग उतते त्यांनी याला हातही लावू नये, ही सारी एकाच कुळातली झाडे आहेत. तेल लागलेच तर लगेच साबणाने धुवावे, वर खोबरेल लावावे, फोड फोडू नयेत. चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला, लघवी कमी झाली किंवा तिचा रंग गडद झाला तर घरगुती उपाय करत न बसता मेडिकल किंवा मेयो यांसारखे सरकारी रुग्णालय गाठावे.

बिबा फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचाही विचार व्हावा. त्यांच्या बोटांचे काळे डाग आणि जखमा वर्षानुवर्षे तशाच आहेत. हातमोजे आणि त्वचेची तपासणी एवढे तरी त्यांना मिळायला हवे. विषय दुसऱ्या खात्याचा असेल, तरी आपण शब्द टाकावा.

चिठ्ठीचा मजकूर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाकडून तपासून घेता येईल, त्यासाठी नवी समिती नको. बिब्याचा खप थंडीत असतो, तेव्हा चिठ्ठ्या दिवाळीपर्यंत दुकानांत पोहोचायला हव्यात.

आपली,
महाल, नागपूर येथील एक वैद्य