कुंपणं आपोआप टिकत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला इंग्लंडमधल्या खेड्यांवरचा प्रवासलेख वाचला. लेख रंगतदार आहे, पण 'शेकडो वर्षं जशीच्या तशी राहिलेली हिरवाई' हे वाक्य खटकलं. सोबत छापलेला फोटोच त्याला खोटं पाडतो. त्यातलं सजीव कुंपण, म्हणजे इथली हेज, वरून सपाट कापलेलं आहे आणि बुंध्याशी इतकं विरळ झालंय की पलीकडची मेंढरं आरपार दिसतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्रानं दरवर्षी एकाच उंचीवर झोडपलं की हेजची ही गत होते. मी बरीच वर्षं लेस्टरशायरमध्ये राहतो, त्यामुळे अशी कुंपणं रोज बघतो.

मुळात ही हिरवाई कुणी निसर्गानं अंथरून ठेवलेली नाही. मिडलँड्समधली, म्हणजे मध्य इंग्लंडमधली, बरीचशी कुंपणं कायद्यानं उभी राहिली. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटनं पाच हजारांहून जास्त 'एन्क्लोजर' कायदे केले आणि इंग्लंडची जवळपास एक पंचमांश जमीन त्यांखाली आली. गावाची सामाईक चराई आणि पट्ट्यापट्ट्यांची उघडी शेतं मोडली, जमीन सलग करून मालकांच्या नावावर झाली आणि तिच्या हद्दीवर हॉथॉर्न या काटेरी झुडपाची रोपं लावली गेली. ज्यांची एखादी गाय गायरानावर जगत होती, त्यांना मोलमजुरी नाहीतर शहराची वाट धरावी लागली. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काही कुंपणं मात्र याहून कितीतरी जुनी आहेत. केंब्रिजशायरमधली 'ज्युडिथ्स हेज' नऊशे वर्षांहून जुनी मानली जाते.

पुढे दुसरं महायुद्ध संपलं, धान्य वाढवायची निकड होती, मोठी यंत्रं आली, आणि ज्या सरकारनं कायद्यानं कुंपणं लावायला लावली त्याच सरकारनं ती उपटायला अनुदान दिलं. निम्म्याच्या आसपास कुंपणं गेली. शेतातले पक्षीही गेले, अर्थात त्याला कीटकनाशकं आणि शरदातली पेरणीही तितकीच कारणीभूत आहे. शेतशिवारातल्या पक्ष्यांची संख्या 1970 पासून निम्म्याहून खाली आली आहे. यलोहॅमर हा पिवळ्या डोक्याचा भारीट हेजच्या तळाशी घरटं करतो. (हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर थव्यानं उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट याचाच भाऊबंद.) तळ उघडा पडला की त्याला जागाच उरत नाही. हेझल डोरमाउस हा उंदरासारखा, जेमतेम वीस ग्रॅमचा प्राणी उन्हाळ्यात सहसा जमिनीवर उतरत नाही. एका रानातून दुसऱ्या रानात जायला त्याला फांद्यांचा सलग रस्ता लागतो. आणि हॉथॉर्नला फुलं येतात ती आदल्या वर्षीच्या फांदीवर. दर वर्षी छाटणी म्हणजे ना फुलं, ना लाल फळं. स्कँडिनेव्हियातून हिवाळ्यात येणाऱ्या रेडविंग आणि फील्डफेअर पक्ष्यांनी मग खायचं काय?

यावरचा जुना उपाय अजून जिवंत आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. त्याला हेज-लेइंग म्हणतात. पानं गळाली, रस उतरला की ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान हे काम चालतं. बिलहूक हा आपल्या कोयत्याचाच चुलतभाऊ. त्यानं खोड जमिनीलगत तिरकं छेदायचं, पण पुरतं तोडायचं नाही. साल आणि थोडं ओलं लाकूड धरून ठेवायचं आणि खोड अलगद आडवं वाकवायचं. साधारण दीड-दीड फुटावर हेझल या झाडाचे खुंट ठोकायचे, वर हेझलच्याच लवचिक काठ्यांची वेणी घालायची. वसंतात छेदलेल्या बुंध्यातून नवे धुमारे फुटतात आणि कुंपण तळापासून दाट होतं. प्रत्येक भागाची पद्धत वेगळी. आमच्याकडची 'मिडलँड बुलॉक' जाडजूड बैलांना थोपवण्यासाठी आहे, म्हणून काटेरी शेंडे जनावरांच्या बाजूला आणि खुंट नांगरटीच्या बाजूला. कसलेला माणूस दिवसभरात वीसेक मीटर करतो. यंत्र तेवढं काही मिनिटांत उरकतं, तेव्हा शेतकरी यंत्राकडे वळतो यात त्याचा दोष कसा काढणार?

लेखकानं इंग्रज शेतकऱ्याच्या निसर्गप्रेमाचं कौतुक केलं आहे. प्रेम असेलही, पण कुंपणं टिकली आहेत ती नियम आणि पैसा यांच्या जोरावर. 1997 च्या नियमांनुसार गावाकडची जुनी हेज उपटण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाला कळवावं लागतं. मार्च ते ऑगस्ट छाटणीला बंदी आहे. ही बंदी आधी युरोपीय अनुदानाच्या अटींत होती. त्या अटी 2023 अखेर संपल्या आणि नवा कायदा मे 2024 मध्ये आला. मधले जवळजवळ पाच महिने घरट्यांचं संरक्षण करणारा 1981 चा कायदा तेवढा होता. ऐन विणीचा हंगाम त्यात सुरू झाला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं कसं मानायचं?

सरकारचं उद्दिष्ट 2050 पर्यंत 45,000 मैल कुंपणं नव्यानं लावण्याचं किंवा सुधारण्याचं आहे. आणि मार्च 2025 मध्ये ज्या योजनेतून कुंपणांच्या देखभालीचे पैसे मिळत होते, तिचे नवे अर्ज एका संध्याकाळी अचानक बंद करण्यात आले. कागदपत्रं जमवत बसलेले लहान शेतकरी त्यात मागे राहिले.

आपल्या प्रवासलेखकांना एकच विनंती. पुढच्या खेपेला जानेवारीत या, थंडी सोसा. हेज-लेइंगच्या बऱ्याच स्पर्धा हिवाळ्यात भरतात, आणि तिथे चहाचा कप हातात देऊन म्हातारे शेतकरी अनुदानांविषयी जे बोलतात, ते तुमच्या पुरवणीला नक्की छापता येईल. निदान निम्मं तरी.

आपला,
एक वाचक, लेस्टरशायर, इंग्लंड