पहिल्याच सामन्यात घरी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत नाक्यानाक्यावर कबड्डी स्पर्धांचे फलक लागतात. बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरांत असते, प्रमुख पाहुण्यांचे फोटो त्याहून मोठे. स्पर्धा कोणत्या पद्धतीने होणार, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते, कारण सगळ्यांनी ते धरूनच ठेवलेले असते: ३२ संघ, बाद फेरी. म्हणजे पहिली फेरी संपताच १६ संघ बॅगा उचलणार. शहापूर-मुरबाडहून टेम्पो करून आलेल्या संघाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा एक सामना मिळतो. त्यात पहिल्या पाच मिनिटांत लोण बसला, म्हणजे सगळा संघ बाद झाला, तर उरलेला वेळ नुसता पाट्या टाकण्यात जातो.

बाद पद्धत ११० वर्षे चालवून मग तिला मुरड घालणाऱ्या एका खेळाचा दाखला इथे द्यावासा वाटतो. आयर्लंडमधले हर्लिंग. एका बाजूला १५ खेळाडू, हातात अ‍ॅश लाकडाची चपट्या टोकाची काठी, चामड्याचा छोटा कडक चेंडू आणि ७० मिनिटांचा सामना. चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आडव्या दांडीवरून दोन खांबांमधून गेला तर एक गुण. धावफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात, म्हणून ३-२७ याचा अर्थ ३६. खेळाडूंना मानधन नाही. आपापल्या गावच्या क्लबातून निवडले गेलेले हे लोक काउंटीसाठी, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यासाठी, खेळतात आणि सोमवारी कामावर हजर होतात. आपल्या मंडळांच्या कबड्डीशी याचे गोत्र चांगले जुळते.

त्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा २०२५ चा हंगाम आपल्या आयोजकांनी कागद-पेन घेऊन पाहावा असा आहे. मन्स्टर प्रांतात पाच संघांची साखळी होती. एप्रिलमध्ये कॉर्कने टिपररीला १५ गुणांनी हरवले. बाद पद्धत असती तर टिपररीचा हंगाम तिथेच आटोपला असता. साखळी असल्यामुळे त्यांनी लिमरिकशी बरोबरी आणि क्लेअर व वॉटरफर्डवर विजय या जोरावर प्रांतात तिसरे स्थान मिळवले. तिसऱ्या संघाला तिथे लांबचा रस्ता होता: प्राथमिक उपांत्यपूर्व, मग उपांत्यपूर्व, मग उपांत्य. टिपररीने त्या रस्त्याने लीश, गॉलवे आणि किलकेनी यांना हरवले आणि २० जुलैला डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम फेरीत पुन्हा कॉर्कच समोर. मध्यंतराला कॉर्क १-१६ विरुद्ध ०-१३ असा सहा गुणांनी पुढे. उत्तरार्धात कॉर्कला फक्त दोन गुण मिळाले, टिपररीने ३-१४ केले. निकाल ३-२७ विरुद्ध १-१८. फरक पुन्हा १५ गुणांचाच, फक्त उलट्या बाजूने. लेन्स्टर प्रांतात तिसरा आलेला डब्लिनही त्याच लांबच्या रस्त्याने उपांत्य फेरीत पोहोचला होता, तोही वाटेत लिमरिकला बाहेर काढून. प्रांत जिंकणाऱ्याला थेट उपांत्य फेरी, प्रांताच्या अंतिम सामन्यात हरणाऱ्याला उपांत्यपूर्व आणि तिसऱ्याला एक सामना जास्त: चुकायला जागा होती, पण फुकटात काही नव्हते.

ही व्यवस्था एका रात्रीत आलेली नाही. १८८७ च्या पहिल्या स्पर्धेपासून १९९६ पर्यंत हरला तो घरी, हाच नियम होता. त्या नियमाने काही गमतीही केल्या. १९४१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे टिपररीच्या सामन्यांवर बंदी आली आणि मन्स्टरचा प्रतिनिधी म्हणून कॉर्कला पुढे पाठवले गेले. कॉर्क देशाचा विजेता झाला आणि साथ ओसरल्यावर राहिलेल्या प्रांतिक अंतिम सामन्यात टिपररीकडूनच हरला! १९९७ मध्ये मन्स्टर आणि लेन्स्टरच्या अंतिम सामन्यांत हरलेल्या संघांना उपांत्यपूर्व फेरीत घेण्याचे ठरले. त्याच वर्षी क्लेअर आणि टिपररी प्रांताच्या आणि देशाच्या अशा दोन्ही अंतिम सामन्यांत भेटले. दोन्ही वेळा क्लेअर जिंकले, दुसऱ्यांदा अवघ्या एका गुणाने. ‘एकाच संघाला दोनदा का हरवायचे?’ ही कुरकुर तेव्हा झालीच. पुढच्या वर्षी ऑफलीने, प्रांतात किलकेनीकडून हरल्यावर, देशाच्या अंतिम सामन्यात त्याच किलकेनीला नमवले. आजची प्रांतिक साखळी २०१८ पासूनची. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे ती दोन वर्षे बाजूला ठेवून पुन्हा प्रांतिक बाद सामने घ्यावे लागले, तरी हरलेल्यांसाठी दुसरी संधी तेव्हाही ठेवली होती.

आता ठाण्याकडे. साखळीचे नाव काढले की आयोजक दोन गोष्टी पुढे करतात: सामने वाढतील आणि दिवस वाढतील. दोन्ही खऱ्या नाहीत. बाद फेरीत संघांच्या संख्येपेक्षा एक कमी इतके सामने होतात, म्हणजे ३२ संघांना ३१. त्याऐवजी २४ संघ घ्या आणि तीन-तीनचे आठ गट करा. प्रत्येक गटात तीन सामने, म्हणजे २४. फक्त गटविजेते पुढे न्या: चार उपांत्यपूर्व, दोन उपांत्य, एक अंतिम, म्हणजे सात. बेरीज पुन्हा ३१. पंचांचे मानधन तेच, मॅटचे भाडे तेच, आणि प्रत्येक संघाला किमान दोन सामने.

यातली खरी मेख गटातल्या सामन्यांच्या क्रमात आहे आणि साखळी घेणारे आयोजक हमखास तिथेच घसरतात. पहिला सामना अ विरुद्ध ब. त्यात जो हरेल, त्याने दुसरा सामना क विरुद्ध खेळायचा. जिंकलेला थांबेल आणि तिसरा सामना क बरोबर खेळेल. असे केले की तिसरा सामना कधीच नाममात्र होत नाही. हरलेला संघ दुसऱ्यांदाही हरला, तर उरलेले दोघे एक-एक विजय घेऊन समोरासमोर येतात, जिंकेल तो गटविजेता. हरलेला संघ दुसरा सामना जिंकला, तर तिसऱ्याच्या निकालावर तिघांचेही भवितव्य टांगलेले राहते. उलट पहिला सामना जिंकणाऱ्यालाच दुसऱ्यात उतरवले आणि तो पुन्हा जिंकला, तर तिसरा सामना दोन बाद संघांचा होतो. मग पोरे मन लावून खेळत नाहीत, प्रेक्षक वडापावच्या गाडीकडे वळतात आणि सामना सोडल्याच्या चर्चा सुरू होतात.

वेळापत्रक असे बसते. १५ मिनिटांचे दोन डाव, पाच मिनिटे मध्यंतर, पाच मिनिटे अदलाबदलीला: एक सामना ४० मिनिटांचा. दोन मॅट, प्रत्येक मॅटवर एका संध्याकाळी दोन गट, आलटून पालटून. ५.३० ला पहिल्या गटाचा पहिला सामना, ६.१० ला दुसऱ्या गटाचा पहिला, ६.५० ला पहिल्या गटाचा दुसरा, तसेच पुढे ७.३०, ८.१० आणि ८.५०. यामुळे लागोपाठ खेळावे लागणाऱ्या संघालाही ४० मिनिटे दम खायला मिळतात आणि ९.३० ला खेळ आटोपतो. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, तोवर अर्धा तास हाताशी राहतो. तो लागतोच. बरोबरी सुटण्यासाठी पाच-पाच चढायांचा डाव खेळवला की सहा-सात मिनिटे जातात, आणि शाल-श्रीफळांचा कार्यक्रम एका सामन्याइतका वेळ खातो, हे कोणी मान्य करत नसले तरी घड्याळ सांगते. सत्कार मध्यंतरात उरकावेत. मध्यंतर पाचच मिनिटांचे असल्याने भाषणे आपोआप आवरतात.

या रीतीने एका संध्याकाळी चार गट, १२ सामने. शुक्रवार आणि शनिवार मिळून साखळी पूर्ण, आणि साखळीपुरते कोणत्याही संघाला एकाच संध्याकाळी यावे लागते. शुक्रवारी जवळचे गट ठेवावेत, कारण एमआयडीसीत पाळी करणारा खेळाडू साडेपाचला लांबच्या मैदानावर पोहोचत नाही. लांबून येणारा संघ गटात ‘क’ म्हणून ठेवला, तर त्याचा पहिला सामना ६.५० किंवा ७.३० ला येतो. रविवारी उरलेले सात सामने पूर्ण वेळाचे, २०-२० मिनिटांचे. सामन्यामागे ५० मिनिटे धरली तर एका मॅटवर दोन उपांत्यपूर्व आणि एक उपांत्य असे अडीच तास होतात. नंतर अर्धा तास विश्रांती आणि अंतिम सामना. साडेपाचला सुरू केले तर ९.२० ला चषक हातात.

गटात तिघांचाही एक-एक विजय झाला तर काय? गुणफरक, म्हणजे मिळवलेले वजा दिलेले गुण. म्हणून साखळीतही बरोबरी ठेवू नये, पाच-पाच चढाया घेऊन निकाल लावावा, म्हणजे गुणांच्या तक्त्यात घोळ होत नाही. त्या जादा चढायांचे गुण मात्र फरकात धरू नयेत. गुणफरक किती निर्दय असतो, हे गॉलवेला विचारा. २०१७ चे विजेते आणि २०१८ चे उपविजेते असूनही २०१९ मध्ये लेन्स्टरच्या साखळीत वेक्सफर्ड, किलकेनी, डब्लिन आणि गॉलवे या चौघांचे पाच-पाच गुण झाले आणि फरकात मागे पडल्याने गॉलवे बाहेर गेले. कबड्डीत धोका वेगळा आहे. गटातल्या कच्च्या संघावर चार-चार लोण चढवून फरक फुगवला जातो. यावर उपाय म्हणजे एका सामन्याचा फरक जास्तीत जास्त २० धरायचा. त्यापुढे कितीही मारा, तक्त्यात २०.

दुसरा धोका अर्ध्यावर निघून जाणाऱ्या संघाचा. प्रवेश शुल्काबरोबर अनामत घ्यावी आणि ती दुसरा सामना संपल्यावरच परत करावी. तरीही संघ गेला, तर त्याचे सर्व निकाल रद्द करून उरलेल्या दोघांचा सामना निर्णायक धरावा. गेलेल्या संघावर मिळवलेला ३० गुणांचा फरक तक्त्यात राहू दिला की भांडण ठरलेले.

गट ठरवण्याची भाग्यपत्रिका (चिठ्ठ्या) उघड्यावर काढावी. मागच्या वर्षीचे उपांत्यपूर्व फेरीतले आठ संघ एका डब्यात, उरलेले सोळा दोन डब्यांत, आणि प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी गटात. एकाच मंडळाचे दोन संघ असतील तर एक गट टाळायचा, इतकीच सवलत. बाद फेरीत २७ नावे आली की पाच संघांना बाय, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, मिळतो आणि तो बाय यजमान मंडळाच्याच वाट्याला कसा येतो, हे कोडे आपल्याकडे दरवर्षी पडते. साखळीत ते पडतच नाही. मात्र संघ २४ च हवेत. जास्त नावे आली तर आदल्या रविवारी सकाळी पात्रता सामने घ्यावेत, किंवा सरळ ‘ब’ श्रेणी काढावी. आयर्लंडने तेच केले आहे. लिअम मॅकार्थी चषकाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या, खाली त्यांच्या आणखी चार पायऱ्या आहेत, आणि दुसऱ्या पायरीवरच्या जो मॅकडोना चषकाचा विजेता पुढच्या हंगामात वरच्या श्रेणीत जातो. २०२५ मध्ये तो मान किल्डेअरला मिळाला. शिवाय २०२५ मध्ये त्या चषकाच्या दोन्ही अंतिम स्पर्धकांना त्याच हंगामात वरच्या स्पर्धेच्या प्राथमिक उपांत्यपूर्व फेरीत खेळायला मिळाले. असे सामने बहुधा एकतर्फी होतात, अशी टीका तिथेही झाली आणि ती रास्त आहे. आपण पहिला भाग घ्यावा, दुसरा सोडून द्यावा.

एक शेवटची गोष्ट घड्याळाची. १९९८ च्या उपांत्य फेरीच्या फेरसामन्यात क्लेअर तीन गुणांनी पुढे असताना पंचांनी चुकून सुमारे दोन मिनिटे आधीच शिट्टी वाजवली. ऑफलीचे समर्थक क्रोक पार्कच्या मैदानातच ठाण मांडून बसले. सामना पुन्हा थर्लसला खेळवावा लागला, तो ऑफलीने जिंकला आणि पुढे तेच विजेते झाले. आपल्याकडे वेळ गुणलेखकाच्या हातातल्या स्टॉपवॉचमध्ये बंद असते आणि शेवटच्या मिनिटाला दोन्ही बाकांवरून ‘किती राहिले?’ असा ओरडा होतो. फरक मोजून पुढे जायचे असेल तर ही झाकली मूठ चालणार नाही. प्रत्येक मॅटला दोन्ही बाकांना दिसेल असा उलटी वेळ मोजणारा फलक हवा, आणि पंचांनी थांबवले की तोही थांबायला हवा. भाड्याने मिळत नसेल तर जुना टीव्ही आणि लॅपटॉप यांवरही काम भागते. फक्त तो चालवायला वेगळा माणूस नेमावा, गुणलेखकाच्या गळ्यात मारू नये.

प्रवेश अर्ज छापायला जाण्याआधी आयोजकांनी त्यात चार ओळी घालाव्यात: गटातील सामन्यांचा क्रम, गुणफरकाची मर्यादा, अनामतीची अट आणि भाग्यपत्रिका काढण्याची तारीख व ठिकाण.

आपले,
कबड्डीचे काही पंच व गुणलेखक,
ठाणे