चि. ओंकारास, महिनाभराच्या पोस्टिंगविषयी

चि. ओंकार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे अर्ध्यावर तुटले आणि तेव्हापासून तू 'बरा आहे' यापलीकडे काही कळवलेले नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते आहे. फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमधला ऐच्छिक महिना कोठे घालवायचा हा सर्वस्वी तुझा प्रश्न आहे. खेळाडूंच्या दुखापतींचा विभाग तुला पहिल्या वर्षापासून खुणावतो आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला लागले ते तुझे एकच वाक्य: वृद्धांच्या वॉर्डात जाऊन करायचे काय, तिथे कोणी बरे होत नाही. त्यावर पुन्हा बोलायचे नाही असे मी ठरवले होते, पण माईआत्या आठवल्या आणि राहवले नाही.

त्या पडल्या तेव्हा तुझे बारावीचे वर्ष होते आणि आम्ही तुला मुद्दाम लांब ठेवले, त्यामुळे त्या पुढे काठी घेऊन चालू लागल्या एवढेच तुला ठाऊक आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या दिवसभर ग्लानीत पडून असत, घास तोंडात तसाच ठेवीत आणि मला दादांच्या नावाने हाक मारीत. वय झाले, आता असेच चालायचे, असे जो तो म्हणे. एका तरुण फिजिओथेरपिस्टला मात्र ते पटले नाही. पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत घरचा हिशेब लिहिणारी बाई दोन रात्रींत अशी होत नाही, एवढेच ती म्हणाली. मग तिने चष्मा आणि कानाचे यंत्र शोधले. दोन्ही खाटेशेजारच्या खणात पडलेली होती. झोपेची गोळी नव्याने सुरू झाल्याचे तिनेच डॉक्टरांच्या लक्षात आणून दिले. गोळी बंद झाली, यंत्र कानात गेले, आणि हळूहळू माईआत्या परत माईआत्या झाल्या.

अशा अचानक आलेल्या संभ्रमाला डिलिरियम म्हणतात, त्यामागे औषध, जंतुसंसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी असे दुरुस्त करता येण्याजोगे कारण अनेकदा सापडते आणि आरडाओरडा न करता नुसता पेंगत राहणारा रुग्ण सर्वांच्या नजरेतून सुटतो, हे सारे तू माझ्याहून नीट जाणतोस. मला त्या मुलीचा पुढचा प्रश्न अधिक लक्षात राहिला. घरी गेल्यावर तुम्हाला काय करता आले पाहिजे, असे तिने विचारले, तेव्हा माईआत्या म्हणाल्या, "रात्री कोणाला न उठवता संडासला जाता आले पाहिजे." त्यानंतरचा सगळा व्यायाम त्या एका गरजेभोवती आखला गेला: खाटेच्या कडेवरून उठणे, अरुंद जागेत वळणे, धपकन न बसता सावकाश टेकणे. खेळाडू मैदानावर परतला की बरा झाला, हे कोणालाही दिसते. माईआत्याही बऱ्याच झाल्या होत्या.

तुझ्या त्या वाक्याची मला भीती वाटते, कारण विचारण्याआधीच उत्तर ठरवण्याची सवय अशाच वाक्यांनी लागते. 1935 मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन या डॉक्टरीणबाईंकडे शेजारच्या अनाथ-निराधारांच्या दवाखान्यातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवले गेले. त्यांतले कित्येक असाध्य ठरवून वर्षानुवर्षे खाटेला खिळवून ठेवलेले होते. बाईंनी प्रत्येकाला नव्याने तपासले, उठवले, चालवले, आणि पुष्कळजण तेथून बाहेर पडू शकले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची आधुनिक घडी तेथून बसली असे मानतात, आणि तीत तुझ्या विषयाचा वाटा केवढा मोठा आहे ते पाहा. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या धास्तीने चालणे कमी करतो, न चालल्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि त्यामुळेच तो पुन्हा पडतो. हे चक्र गोळीने तुटत नाही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे आणि घड्याळ पाहायचे, या साध्या चाचणीत तुला जे कळेल ते महागड्या यंत्रालाही कळेलच असे नाही.

पाहा, फिजिओथेरपी शिकणाऱ्याला मी फिजिओथेरपी शिकवते आहे. क्षमा कर. शिक्षकी पेशाची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तरी एक आकडा सांगतेच: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2030 मध्ये जगातील दर सहा माणसांपैकी एक साठी गाठलेला असेल. तू कोणताही विभाग निवडलास तरी ही माणसे तुझ्या दारात येणारच आहेत, आणि त्यांच्याकडे पाहायला शिकवणारा महिना पुन्हा मिळेलच असे नाही.

गेल्या सुट्टीत आबा जिना उतरत होते, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. तू त्यांचा दंड धरला नाहीस. एक पायरी खाली उभा राहिलास, त्यांना कठडा धरू दिलास आणि त्यांच्या चालीने उतरलास. घाई केली नाहीस, बोललाही नाहीस. मला इतका अभिमान वाटला की तो मी तुला सांगितलाही नाही. ज्याला हे न शिकवता येते त्यानेच 'तिथे कोणी बरे होत नाही' म्हणावे, हे मला अजून उलगडत नाही. झाले, पुन्हा त्याच वाक्यावर आले. हे मी माझ्या किंवा बाबांच्या म्हातारपणाची सोय म्हणून लिहीत नाही, एवढे मात्र खरे मान. निदान बरेचसे तरी.

अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे ना? जे निवडशील ते कळव.

तुझी,
आई

ता. क. रक्तदाबाची गोळी बदलल्यापासून बाबांना सकाळी उठताना गरगरते. परवा त्यांनी कपाटाचा आधार घेतला आणि तुला सांगू नकोस म्हणाले. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण तोवर घरच्या यंत्रावर नोंदी ठेवाव्या म्हणते. आधी आडवे असताना मोजून मग उभे राहिल्यावर लगेच मोजायचा, की तीन मिनिटांनी, की दोन्ही वेळा?