सीबीआर येईपर्यंत थांब

सांगली,
रविवार, सकाळ

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, घेऊ की नको, एवढंच सांग." मी "विचार करून लिहिते" म्हटलं आणि तू गप्प झालीस. तुला वाटलं असणार, आता ही नाहीच म्हणणार. दोन लाख दहा हजारांचं कॉफीचं मशीन ऐकल्यावर आई दुसरं काय बोलणार! पण तसं नाही गं. पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, आणि दिवसातली ती सकाळची अर्धी घटका तुला किती लागते हे मी पाहिलं आहे. श्रावणात एकोणीस दिवस वाघोलीला तुझ्याकडे राहिले, रोज ओट्यापाशी तुझ्या शेजारी उभी राहिले. त्यावरून माझं काही मत झालं आहे. ते फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगायचं नव्हतं.

मी आयुष्यभर दुधात कॉफी-साखर उकळून, वर जायफळ किसून प्यायले. एस्प्रेसो म्हणजे लग्नात जेवणानंतर मिळणारी, वाफेने फसफसवलेल्या दुधावर कोको भुरभुरलेली कॉफी, हीच आमच्या पिढीची समजूत. त्यामुळे पहिले चार-पाच दिवस तुझा तो घोटभर काळा अर्क मला नुसता कडू लागला. पण बाराव्या दिवशी, शनिवार होता, तू चिकमंगळूरच्या बियांची नवी पिशवी फोडलीस आणि मला अर्धा कप दिलास. त्यात साखर नव्हती, तरी जिभेवर काकवी ठेवल्यासारखं वाटलं. गुऱ्हाळात कढईच्या काठाला चिकटलेली गरम काकवी असते ना, तशी. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू हसलीस. तो कप मी विसरणार नाही.

सोनू, तो कप तुझ्या सध्याच्या याच मशीनमधून आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच बिया, तेच वजन, आणि कॉफी आंबट. तू म्हणालीस, "बघ, हे मशीनच असं आहे, भरवसा नाही." मी काही बोलले नाही. पण आल्याच्या तिसऱ्या दिवसापासून मी तुझ्या फ्रिजवरच्या वहीत नोंदी ठेवत होते, ते तुला माहीत आहे. १८ ग्रॅम पूड घ्यायची, ३६ ग्रॅम कॉफी काढायची आणि ती २५ ते ३० सेकंदांत यायला हवी, हे तूच मला शिकवलंस. माझ्या नोंदीत एक दिवस १७ सेकंद आहेत, एक दिवस ४१. मशीन तेच, हात तुझेच.

एकतीस वर्षं कॉलेजात मी मुलींकडून टायट्रेशन करून घेतलं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या काचेच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून मोजमाप. पहिलं वाचन, दुसरं, तिसरं, आणि दोन सारखी आली की शेवटच्या रकान्यात सीबीआर, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तो येईपर्यंत उत्तर काढायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा काचेच्या पेटीतले दोन पारड्यांचे तराजू होते. चिमट्याने वजनं ठेवायची, दांडीवर तारेचा चिमुकला रायडर सरकवायचा, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. उत्तरं चुकली की सगळा दोष तराजूवर जायचा. इलेक्ट्रॉनिक तराजू मिळावा म्हणून मी सहा वर्षं अर्ज केले. शेवटी तो आला आणि त्या वर्षीही निम्म्या वर्गाची उत्तरं चुकलीच, कारण मुली ब्युरेट द्रावणाने खंगाळतच नव्हत्या. आधीच्या धुण्याचं पाणी नळीत राहायचं आणि द्रावण पातळ व्हायचं. वजनातली चूक मिलिग्रॅमची होती, ब्युरेटमधली तिच्या कितीतरी पट. मोठी चूक जागेवर ठेवून आम्ही लहान चुकीवर पैसे घातले होते.

म्हणून वही उघडून तुझी मोठी चूक शोधत बसले.

पहिली जागा सापडली ती दळण्यात. तुझ्या हातगिरणीतून पडलेली पूड मी पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहिली. तिच्यात जाडा रवा आहे, बारीक रवा आहे आणि पिठीही आहे. पिठीतून सगळं झटकन विरघळतं आणि कडवट होतं, जाड कणी आतून कोरडीच राहते. कडू आणि आंबट एकाच कपात का येतं, त्याचं हे कारण. शिवाय अशा पुडीत पाणी सारखं मुरत नाही. ९ बार दाबाचं पाणी, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊ पट. बांधाला जिथे भेग असेल तिथून पाट फुटतो, तसं ते एका बाजूने घुसून निघून जातं. १७ सेकंदांचा दिवस तोच. हा दाब वाढवायला महाग मशीन लागत नाही. खोक्यांवर १५ बार छापलेलं असतं खरं, पण लागतात ९, आणि तेवढे तुझा पंप देतो.

दुसरी जागा बियांची. माझे पहिले अकरा दिवस तू जी पिशवी वापरत होतीस, तिच्यावर भाजल्याची तारीख होती सात आठवड्यांपूर्वीची. नवी पिशवी नऊ दिवसांची होती. भाजल्यावर बीमधून कर्बवायू निघत राहतो. अगदी ताज्या बियांत तो जास्त असतो म्हणून आठवडाभर थांबावं लागतं, आणि महिना उलटला की त्याच्याबरोबर वासही उडालेला असतो. तुला स्वस्त पडते म्हणून किलोची पिशवी आणतेस. पाव किलोची आण.

आता पाण्याविषयी. इथे मला जरा जास्त लिहू दे, कारण हे माझं क्षेत्र आहे, आणि त्या मशीनच्या जाहिरातीत या विषयावर एक ओळसुद्धा नव्हती.

तुमच्या सोसायटीत टँकर येतो, उरलेलं बोअरचं. तुझ्या किटलीच्या तळाला पांढरा पापुद्रा धरला आहे, नळाच्या तोटीलाही. निघताना मी दोन बाटल्या भरून आणल्या, एक नळाची, एक तुझ्या आरओची, आणि कॉलेजात जाऊन ईडीटीएच्या द्रावणाने टायट्रेशन करून कठीणपणा मोजला. एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगसूचक घातल्यावर नळाचं पाणी गर्द लाल झालं आणि निळं व्हायला ब्युरेट उतरतच राहिली. तीन वाचनं घेतली. लिटरला ४१० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. आरओचं पाणी दोन-चार थेंबांतच निळं, १६ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आपलं भारतीय मानक २०० पर्यंत योग्य मानतं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. कॉफीसाठी स्पेशालिटी कॉफी असोसिएशन साधारण ५० ते १७५ सांगते. म्हणजे तुझ्या घरात एक पाणी फार कठीण आणि दुसरं फार पोकळ. कठीण पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीचा आंबटगोडपणा मारतात आणि बॉयलरमध्ये खडू जमवतात. पोकळ पाण्याची कॉफी चवीला सपाट लागते, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं असलं तर अर्क चांगला उतरतो. आणि तू काय करतेस? आरओची टाकी रिकामी असली की नळाचं ओततेस, भरलेली असली की आरओचं. दोन दिवसांच्या कॉफीत जमीन-अस्मानाचा फरक पडला तर नवल नाही.

तुझ्या आरओमध्ये आतल्या बाजूला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह आहे, मी झाकण काढून पाहिलं. मेकॅनिकला बोलावून तो थोडा उघडून घे, म्हणजे यूव्हीतून गेलेलं एक भाग मूळ पाणी चार भाग आरओच्या पाण्यात मिसळेल. कठीणपणा ९५ च्या आसपास येईल. टीडीएसच्या पेनवर मात्र विसंबू नकोस. ती पाण्याची विद्युतवाहकता मोजते, आणि मिठाच्या पाण्यातही तिचा आकडा चढतो. व्हॉल्व्ह फिरवला की मला बाटली पाठव, मी मोजून सांगते.

आता तुझं नवं मशीन. त्यात दोन बॉयलर आहेत. एकात कॉफीचं पाणी ९३ अंशांच्या आसपास, दुसऱ्यात वाफेसाठी १२० च्या वर. तुझ्या एकाच बॉयलरला ही दोन्ही कामं करावी लागतात, म्हणून कॉफी काढल्यावर वाफेसाठी थांबावं लागतं आणि पुन्हा कॉफी हवी तर निवू द्यावं लागतं. दोन बॉयलर घेतले की ही थांबाथांब संपते, आणि तुझे जास्तीचे पैसे मुख्यतः त्यासाठीच जातात. पण बाळा, एकोणीस दिवसांत तू दूध किती वेळा फेसाळलंस? तीनदा. दोन शनिवारी मैत्रिणी आल्या तेव्हा, आणि एकदा माझ्यासाठी.

त्या दुसऱ्या बॉयलरला पाण्याचा त्रासही जास्त. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. वरून नवं पाणी भरत गेलं की मिठागरासारखे ते साठत जातात. आणि घाबरून निव्वळ आरओचं पाणी घातलंस, तर काही मशीनांत पातळी ओळखणारी सळई पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालते, तिला ते पाणी दिसतच नाही आणि बॉयलर भरत राहतो. तेव्हा पाणी सुधारल्याशिवाय ते मशीन घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या मशीनच्या पुढच्या, हँडल बसतं त्या जाड पितळी भागाचं मला फार कौतुक वाटलं, हेही लिहिते. १९६१ साली इटलीच्या फाएमा कंपनीने ती रचना आणली आणि त्या वर्षीच्या खग्रास सूर्यग्रहणावरून तिला ई-६१ नाव दिलं. गरम पाणी त्या पितळातून सतत फिरत राहतं, म्हणून उष्णता टिकते. साठ वर्षं उलटली तरी लोक ती रचना सोडत नाहीत. सुंदर आहे. पण चार किलोंच्या आसपास पितळ तापायला अर्धा तास तरी लागतो. तुझं सध्याचं मशीन पंधरा-वीस मिनिटांत तयार होतं आणि तेवढ्यानेही सव्वासातची बस गाठताना तुझी धावपळ होते. स्वयंपाकघरात पॉवरचा पॉइंट एकच आहे, त्यावर ओव्हन आहे. पाणी वरून भरायचं तर वरची कपाटं आड येतात. आणि तीस किलोंचं धूड अकरा महिन्यांच्या करारावरच्या घरात! करार संपला की ते पाणी काढून, उचलून, पॅकर्सच्या हवाली करताना तुझा जीव किती टांगणीला लागेल, हे मला आत्ताच दिसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की हे मशीन आत्ता घेऊ नकोस. तू दाखवलेली ती तीस-पस्तीस हजारांची विजेची गिरणी मात्र या महिन्यात घे, त्यात काटकसर करू नकोस. बॉयलरमध्ये जमलेला खडू काढून घे. पितळी बॉयलरला सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण चालतं, तरी पुस्तिकेत बघून मगच घाल. तुझा थर्मोस्टॅट जुन्या इस्त्रीसारखा आहे, दिवा लागतो-विझतो आणि मधल्या मध्ये पाणी कितीतरी अंश खाली-वर होतं. त्या जागी पीआयडी, म्हणजे तापमान जवळजवळ स्थिर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, बसवून देणारा माणूस तुझ्या माहितीत आहे म्हणालीस. तो सुधार त्या मानाने स्वस्त आहे, आणि तू काळी कॉफी पिणारी, तुला त्याचाच उपयोग जास्त. पण तोही गिरणी आणि पाणी झाल्यावर, एकदम नको. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

मग वीस दिवस वहीत नोंदी कर. वजन, सेकंद, आणि चवीचा एक शब्द. सीबीआर यायला लागला आणि रोज काकवी मिळाली, तर प्रश्नच मिटला. सेकंद जुळले, पाणी जुळलं आणि तरीही चव उड्या मारत राहिली, तर दोष खरोखर मशीनचा आहे. मग खुशाल घे, माझ्या पेन्शनमधले पन्नास हजार मी त्यात घालणार. आणि रोज दुधाची कॉफी करावीशी वाटायला लागली, घरात माणसं वाढली, तरीही घे. तो इलेक्ट्रॉनिक तराजू चुका कमी करू शकला नाही, पण तीन तासांच्या प्रॅक्टिकलमधली पाऊण तासाची वजनं दहा मिनिटांत व्हायला लागली आणि मुलींना पहिल्यांदा निवांत काम करता आलं. त्यासाठी केलेल्या अर्जांचं मला आजही वाईट वाटत नाही. वेळ हवा असेल तर वेळेसाठी पैसे दे. चवीसाठी म्हणून दिलेस आणि चव आली नाही, तर तुला फार लागेल. तू लहानपणापासून तशी आहेस.

बाबा बरे आहेत. गुडघ्याची गोळी चालू आहे. दिवाळीला तू आलीस की परतताना मी बरोबर येईन म्हणते, चार दिवस.

तुझी,
आई

ता. क. — हँडल बसवताना ते पूर्वीपेक्षा बरंच उजवीकडे जातं आणि कडेने थेंब गळतात. आतली रबरी रिंग कडक झाली आहे. ती आधी बदल, वहीतल्या पहिल्या नोंदीच्या अगोदर.